मामांना गाईड चालत नाही

तुम्हाला वाट कुणीतरी दाखवावीच लागते का? खरं सांगा. दहावीला गाईड, पीएचडीला गाईड, व्हिसाला एजंट, आणि फिरायला गेलात तर हातात झेंडी धरून पुढे चालणारा आणखी एक गाईड. माझ्या रूममेटचे मामा या साऱ्या जमातीचे हाडवैरी आहेत. उभ्या ऑस्ट्रेलियात त्यांच्याइतका वाट न विचारणारा, आणि म्हणूनच त्यांच्याइतका चुकणारा, माणूस दुसरा नसेल. गाडीच्या नकाशातली बाई डावीकडे वळा म्हणाली की मामा उजवीकडे वळतात, आणि वर तिलाच सुनावतात, "तू कधी आली होतीस गं इकडे?"

या वैराचं मूळ पुण्यात आहे. मामा तिथे पीएचडी करत होते. त्यांचे गाईड त्यांच्याकडून भाजी आणवत, पेपर तपासून घेत, मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभं करत. प्रबंधाचा विषय निघाला की मात्र "बघू". एक दिवस मामांनी प्रबंध कपाटात टाकला आणि मेलबर्न गाठलं. आता ते डँडेनॉन्गच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात आणि अभिमानाने सांगतात, "इथे माझ्या पुढे कुणी नसतं. असलं तर बाजूला होतं." मला हा माणूस पहिल्या भेटीतच आवडला. बाबा चळवळीतले, त्यामुळे मी पत्रकांच्या घड्या घालता घालता अक्षरं शिकले. मधला माणूस हटवा, हे आमच्या घरचं पहिलं वाक्य. पण मामांनी हे तत्त्व नेऊन ठेवलं कुठे, तर प्यूमाच्या शिकारीत!

प्यूमा म्हणजे अमेरिकेतला डोंगरी सिंह. युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांनी आपली पाळलेली पिल्लं इथे सोडली आणि त्यांचा वंश गिप्सलँडच्या जंगलात अजून हिंडतो, असं लोक सांगतात. सरकार म्हणतं, असं काही नाही. शेतकरी म्हणतात, मग आमच्या मेंढ्या कोण खातं? तिथल्या एका गावात एक म्हातारा गाईड आपली कुत्री घेऊन हौशी लोकांना माग काढायला नेतो. मामांनी त्याचा बोर्ड वाचला मात्र, दुसऱ्याच आठवड्यात स्वतःची कुत्री आणली. एक शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड: अंगाने काठी आणि कामाला कायम गैरहजर, म्हणून तिचं नाव दांडी. दुसरी विमानतळावरच्या सामान हुंगायच्या परीक्षेत नापास झालेली बीगल, तिचं नाव चौकशी. दोघींना फक्त मराठी येतं. "इंग्रजीत हाक मारली की दुसऱ्यांची कुत्री येतात," हे मामांचं कारण. पहिल्याच मोहिमेत चौकशीने जमिनीला नाक लावून आम्हाला नेच्यांतून, ओढ्यातून, काट्यांतून अक्षरशः ओढत नेलं. माग जिथे संपला तिथे एक कुटुंब बार्बेक्यू करत होतं. चौकशीने सॉसेज उचललं. "नो वरीज, मेट," तो भला माणूस म्हणाला. मामा मला हळूच म्हणाले, "नाक बरोबर आहे गं. विषय चुकला."

माझा या सगळ्याला कडाडून विरोध होता. मी कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीविरुद्ध एक पत्रक लिहून मामांच्या हातात दिलं. त्यांनी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जंगलाचा नकाशा काढला.

"मामा, तुम्ही विहारात पंचशील म्हणता आणि शनिवारी शिकारीला निघता?"

"मारणार कोण आहे? झाडावर चढवायचं, डोळे भरून बघायचं, बसा म्हणायचं आणि घरी यायचं."

"त्याला झाडावर चढायचंय का, हे विचारलंत?"

"अगं, बाहेरून आलेला, कागद नाहीत, सरकार म्हणतं तू नाहीसच. कुणीतरी एकदा बघायला नको त्याला?"

मग मी निषेध म्हणून बरोबर जायला लागले, मागच्या सीटवर, दांडीचं डोकं मांडीवर घेऊन. मामांना गाडीत स्वस्थ बसवायचं नाही. दर वळणावर उतरत, झाडांची सालं चाचपत, परत बसत, परत उतरत.

मागच्या थंडीत एका दुपारी असेच ते उतरले होते. दार उघडं होतं. दांडी झोपेतून उठली, कान टवकारले आणि समोरच्या टेकडीकडे बघत राहिली. ग्रेहाउंड हुंगत नाही, बघते. कुणी छू म्हणालं नव्हतं. तरी ती सुटली, आणि ती धावते म्हणजे काय ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. चौकशी ओढ्यापर्यंत माग काढत गेली आणि तिथेच घुटमळली. हाका मारून मामांचा आवाज बसला. मग ते एका ओंडक्यावर टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचा बोर्ड कुठल्या गावात होता गं?"

म्हातारा लगेच आला. त्याने इंग्रजीत हाका मारल्या. मामा म्हणाले, तिला इंग्रजी येत नाही, यू यू म्हणा.

"मी?" म्हातारा दचकला. "मी काय केलं, मेट?"

गैरसमज मिटवायला थोडा वेळ लागला. मग मोठी टोपी घातलेला, बुटांवर चिखल वाळलेला म्हातारा खणखणीत आवाजात "यू यू, डँडी, यू यू" करत पुढे निघाला, आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत मामा. मामांना कुणाच्या मागे चालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी चौकशीला घेऊन मागून येत होते.

दांडी अजून सापडलेली नाही. म्हातारा आणि मामा अजून शनिवारी जातात. प्यूमाचं नाव कुणी काढत नाही, फक्त एकदा परतताना मामा म्हणाले, "तिनं काहीतरी बघितलं गं. बघणारी तीच निघाली." मामांच्या घरी सोफ्याचा डावा कोपरा तिचा. तिथे चौकशीसुद्धा बसत नाही.

म्हणून एक विनंती. मेलबर्नहून पूर्वेकडे, गिप्सलँडच्या बाजूला जाणार असाल आणि रस्त्याकडेला काठीसारखी बारीक, करड्या रंगाची कुत्री दिसली, तर गाडी थांबवा. इंग्रजी बोलू नका, ती घाबरेल. काच खाली करा आणि आपल्याकडे हाक मारतात तशी मोठ्याने, न लाजता हाक मारा: यू यू, दांडी, यू यू. आली, तर तिला मागच्या सीटवर घ्या. तिला डोकं टेकायला मांडी लागते.