नाईकवाडे सरांचं ‘गामान’

हिंजवडीजवळच्या माण गावात मी आणि नाईकवाडे सर एका भाड्याच्या खोलीत राहायचो, तिच्यासमोर आंब्याचं झाड होतं. सकाळी पानांतून ऊन झिरपायला लागलं की सर त्याखाली मान वर करून उभे राहायचे आणि म्हणायचे, “कोमोरेबी! आपल्याकडे याला शब्दच नाही.”

“कवडसा आहे की, सर.”

“छे! कवडसा घरात पडतो. कोमोरेबी मनात पडतो.”

सर हिंजवडीच्या आमच्या कंपनीत आम्हाला जपानी शिकवायचे. मूळचे परभणीचे, चाळिशी उलटलेले, एकटे. जपानला एकदाच जाऊन आलेले, तेही हॉटेल ते ऑफिस. पण तिकडच्या शब्दांवर भारी जीव. सगळ्यात लाडका ‘गामान’. म्हणजे सोसायचं, पण हूं की चूं करायचं नाही. कॅब अडकली, गामान. दाढ ठणकली, गामान. मला वैताग यायचा, पण माणूस इतका लोभस की रागावणार कसं?

२००७ सालची गोष्ट. संध्याकाळी घरी आलो तर सर उंबऱ्यावर बसलेले. शर्ट घामाने ओला, ओठ पांढरे, हात छातीवर. “दुपारपासून कळ आहे थोडी,” म्हणाले. दुपारपासून!

घरमालकीण हिराबाईंनी जीपची किल्ली दिली आणि सरांना धरून त्याही मागे बसल्या. हिंजवडीच्या चौकात अडकलो. ऑफिसं सुटलेली, पुढे नुसत्या गाड्या. मी हॉर्न वाजवत राहिलो. मागे सर अगदी शांत. त्या शांततेनेच जीव जात होता माझा. सारखं वाटे, गेले की काय.

“गामान...” ते पुटपुटले.

“काय म्हनत्यात?” हिराबाईंनी विचारलं.

“सोसायचं म्हणतात. आवाज न करता.”

“म्हंजी गपगुमान!” हिराबाई कडाडल्या. “अवो सर, गपगुमान मरताय व्हय? बोंबला की! कुनाला भिताय?”

आणि सर ओरडले. “आई गं! मेलो गं आई!” पुढचे मोटरसायकलवाले गर्रकन वळले. कुणी खाली उतरलं, कुणी गाड्या मागे रेटल्या. वाट झाली.

दवाखान्यात आतल्या दाराशी सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. “भीती वाटतेय रे. लई भीती वाटतेय. तू आत ये.” नर्सने त्यांची बोटं सोडवली. दार लागलं.

मी बाहेरून ओरडत राहिलो, “सर, मी इथंच आहे!” सर काही परत आले नाहीत. माझा आवाज त्यांना ऐकू गेला का, हे मी नर्सला विचारलं. तिला सांगता आलं नाही.