खिशावरचे निळे टाके

कपडेपटातल्या मास्तरांना कोणी मालिकेची गोष्ट विचारली की ते म्हणायचे, "कोण कुणाचा खून करतो ते मला ठाऊक नाही. कुणाची कंबर वाढली तेवढं विचारा."

एकतीस वर्षं ते चित्रीकरणाच्या जागेमागच्या त्या लांबट खोलीत बसत होते. एक खिडकी, दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि लोखंडी दांडीवर टांगलेले कपडे: पोलिसांचे, वकिलांचे, चोरांचे, मेलेल्यांचे. मेलेल्यांचे प्रत्येकी तीन जोड शिवायचे, कारण रक्त पहिल्या खेपेला मनासारखं सांडत नाही. मास्तर बोलायला कमी, पण हाताला हलके. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांची बायको घरी बसून त्यांच्याच कपड्यांना काजं-बटणं करत असे. पुढे डोळ्यांना त्रास होऊ लागला तेव्हा तिनं सुई ठेवली. एकुलती एक लेक. कागदावर तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण घरात ती ठकीच.

ठकी नर्स झाली. सोमवारपासून कामावर हजर व्हायचं होतं आणि हॉस्पिटलनं दिलेला निळा गणवेश तिला दोन बोटं नव्हे, दोन वीत ढगळ होत होता.

"बाबा, हे घालून गेले तर रोगी हसून हसून बरे होतील," ती म्हणाली.

"मग राहू दे तसाच. नाव होईल तुझं."

"बाबा!"

मास्तर तो गणवेश घेऊन कामावर गेले. दोन्ही बाजूंनी आत घेतला, खालची किनार हातानं तुरपायला घेतली. बायको बहिणीकडे परगावी गेली होती. ठकी नवे बूट आणायला बाहेर पडली होती. सकाळचे साडेअकरा वाजले असतील, मास्तरांचा फोन वाजला. फोनवरची बाई अनोळखी होती. तुमच्या मुलीला रस्ता ओलांडताना अपघात झालाय, इथं आणलंय, लगेच या.

मास्तर उठले. चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात दारात सहायक दिग्दर्शक तपकिरी कोट घेऊन उभा. हा कोट म्हणजे 'मागचं दार' या मालिकेतल्या पोलीस अधिकाऱ्याचा, तो प्रत्येक भागात अंगावर असायचा.

"मास्तर, खिसा उसवला. सगळे उभे आहेत, ऊन सरकतंय. दोन टाके फक्त!"

त्याला काही माहीत नव्हतं. मास्तरांनी सांगितलंही नाही. एकतीस वर्षांत त्या दारातून आत आलेल्या कपड्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. सुई सदऱ्याला टोचलेली होती, तिच्यात गणवेशाचा निळा दोरा होता. त्यांनी उभ्या उभ्या खिसा शिवला, सवयीनं शेवटचा टाका दोनदा उलटा फिरवला, दोरा दातानं तोडला आणि मग धावले.

हॉस्पिटलमध्ये एक नर्स त्यांच्या पुढ्यात आली. वयानं ठकीएवढीच. ती म्हणाली, "आत्ताच गेली हो. पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. बाबा आले का, बाबा आले का, विचारत होती."

बायको दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. मास्तरांनी तिला सांगितलं की फोन आला तसा निघालो, पण वेळ झाला. बाकीचं त्यांच्या तोंडून बाहेर पडलंच नाही.

तीन आठवड्यांनी ते कामावर परतले तेव्हा तपकिरी कोट दांडीवर लटकत होता. मास्तरांनी कात्री घेतली आणि ते टाके उसवायला बसले, तर कपडे भागाभागांत सारखेच दिसतात ना हे बघणारी मुलगी धावत आली. "मास्तर, हात लावू नका! चार भागांत दिसलेत ते. आता शेवटपर्यंत तसेच राहायला हवेत." मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

घरात तेव्हा नुसती शांतता होती. बायको जेवण वाढायची, स्वतः चार घास गिळायची आणि भिंतीकडे बघत बसायची. संध्याकाळी आठला टीव्ही लावायची तो आवाज असावा म्हणून, बघायला नव्हे. एकदा पडद्यावर अधिकाऱ्यानं खिशात हात घातला आणि कॅमेरा त्या खिशाजवळ गेला. बायको ताडकन उठली. टीव्हीपाशी जाऊन तिनं पडद्यावर बोट ठेवलं. दोरा ती ओळखत होती, गणवेशासाठी ते रीळ तिनंच निवडून आणलं होतं. आणि नवऱ्याचा टाका तर तिनं हजारांत ओळखला असता.

ती वळली. मास्तरांना वाटलं, आता विचारणार, कधी शिवलात म्हणून.

तिनं विचारलं नाही. ती त्यांच्यापाशी आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मला बोलला नाहीत," एवढंच म्हणाली आणि रडली. मास्तरांना कळलं, तिला वाटतंय की आपण कामावर परतल्यावर, लेकीच्या आठवणीसाठी, जाणूनबुजून तो दोरा तिथं लावला. खरं सांगायची हीच वेळ होती. पण तिचा हात पाठीवर होता. मास्तर गप्प राहिले.

त्या दिवसापासून तिनं एकही भाग चुकवला नाही. आधी दोन मिनिटं खिसा दिसावा म्हणून बघायची, मग हळूहळू गोष्टीतही गुंतली. कोपऱ्यावरच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी या मालिकेचे भक्त जमतात असं तिच्या कानावर आलं आणि एका रविवारी ती साडी बदलून म्हणाली, "अहो, सोडता का मला तिथवर?"

मास्तर सोडायला गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. वाचनालयाच्या त्या हॉलमध्ये पंधरावीस माणसं होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. प्रश्न एकच होता: अधिकाऱ्याचा भाऊ नदीत बुडाला तो अपघात, की अधिकाऱ्यानंच त्याला ढकललं? आणि शेवट काय होणार?

"अकरा टाके आहेत," भूमितीचे निवृत्त सर म्हणाले. "चित्र थांबवून मोजलेत मी. भाऊ कितव्या दिवशी सापडला? अकराव्या! याला योगायोग म्हणायचं?"

टाके नऊच होते. उरलेले दोन म्हणजे कोटाचेच सुटलेले धागे, हे फक्त मास्तरांना ठाऊक होतं.

"सर, टाके मोजत बसू नका, शिवणारा शोधा," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "माणूस एकटा राहतो. बायको नाही, आई नाही. मग खिसा शिवला कुणी? घरात कुणीतरी लपलंय. मी सांगतो, भाऊ जिवंत आहे!"

"आणि बुडालेला भाऊ शिवण कुठं शिकला? पाण्याखाली?" सर म्हणाले. सगळे हसले.

वाचनालय सांभाळणाऱ्या बाई जरा गंभीर होत्या. "निळा म्हणजे पाणी. तो ती नदी खिशात घेऊन फिरतोय. शेवटी तिथंच जाईल बघा, स्वतःच्या पायांनी."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, काकू," ड्रायव्हर म्हणाला.

बायको उभी राहिली. शाळेत उभं केल्यासारखं तिनं पदर सारखा केला. "मला एवढं कळत नाही. पण मला वाटतं, ज्यानं शिवलं त्याचं आपलं माणूस गेलेलं होतं. तिचा दोरा उरला होता. तो डब्यात पडून राहू नये, रोज कुणाच्या तरी नजरेला पडावा, म्हणून त्यानं तो तिथं लावला."

मग सर टेबलावर थाप मारून ओरडले, "म्हणजे अधिकाऱ्याला मुलगी होती! लेखकानं लपवलीय!" आणि पुन्हा गलका झाला. बायकोनं मागं वळून मास्तरांकडे बघितलं आणि हसली. मास्तरांनी चपलांकडे बघितलं.

दर रविवारी असं चाललं. काकूंचं म्हणणं सगळ्यांना पटलं, मग ते या फोनवरून त्या फोनवर गेलं आणि शेवटी वाहिनीच्या लोकांपर्यंत पोचलं. शेवटच्या भागाआधी प्रेक्षकांचा मेळावा घ्यायचं ठरलं. दिग्दर्शक स्वतः कपडेपटात आला. तो असा कधी येत नसे.

"मास्तर, ते टाके तुमचे ना? अहो, लोक वेडे झालेत. स्टेजवर या, चार शब्द बोला. तुमच्या मिसेसनाही आणा."

"विचारून सांगतो," मास्तर म्हणाले.

मेळाव्याचं पत्र त्यांच्याआधी घरी पोचलं होतं. बायकोनं त्यांचा ठेवणीतला सदरा काढून इस्त्री तापत घातली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात धार होती.

"तुम्ही नका बोलू, तुम्हाला जमत नाही. मी बोलते. तिचं खरं नाव सांगते सगळ्यांना, पूर्ण नाव. ती फक्त आपल्यालाच ठाऊक, असं का राहावं?"

"अगं, थांब जरा."

"कॉलर उलटी करा बघू."

"इस्त्री बंद कर. ऐक माझं."

तिनं इस्त्री उभी केली. मास्तर पलंगाच्या कडेवर बसले आणि जे दीड वर्ष सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. फोन आधी आला. कोट नंतर आला. आठवण वगैरे काही नाही, सुईत जो दोरा होता तो लागला. नर्स काय म्हणाली तेही सांगितलं.

बायको उभीच होती. तिनं विचारलं, "किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं. तीन असतील."

"गाठ मारलीत?"

"मारली."

"उलटा टाका घेतलात. दोनदा."

"हो."

"म्हणजे नीट शिवलंत."

मास्तरांना वाटत होतं, ती रडेल, ओरडेल, हाताला येईल ते फेकेल. किंवा म्हणेल की तीन मिनिटांनी काही झालं नसतं, सिग्नल होते, गर्दी होती. यातलं काही झालं नाही. तिनं सदऱ्याची घडी घातली, कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार हळूच लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

त्या रविवारी ती वाचनालयात गेली. मास्तरांना चला म्हणाली नाही, पण नकोही म्हणाली नाही. ते मागून गेले. सगळ्यांनी तिला गराडा घातला. काकू, स्टेजवर काय बोलणार?

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "आणि माझं चुकलं होतं. त्या टाक्यांना अर्थ नाही. घाई होती. तो दोरा हाताशी होता, तो लावला."

"असं कुणी सांगितलं?" सर जवळजवळ रागावले.

"शिवणाऱ्यानं."

"त्याला काय कळतंय? करणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून अर्थ नसतो असं थोडंच आहे?"

"सर, तुम्ही मोजा," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या." आणि पिशवी उचलून निघाली. ड्रायव्हर दारापर्यंत आला, काकू, आमचं काही चुकलं का, विचारत राहिला. तिनं मान हलवली, पण हो की नाही ते त्याला कळलं नसावं.

मालिका संपली. शेवट कुणाच्याच अंदाजात नव्हता असं म्हणतात. या घरात तो कुणी पाहिला नाही. आठ वाजता टीव्ही लागायचा बंद झाला. मास्तरांनी पुढल्या महिन्यात कपडेपट सोडला आणि बाजारातल्या एका लाँड्रीत चेन बदलायचं, किनारी दुमडायचं काम धरलं. तिथं कुणाला घाई नसायची. कपडा आला की ते विचारायचे, "कधी हवाय?" आणि समोरच्यानं आत्ता म्हटलं तर तो कपडा परत द्यायचे. मालक कपाळाला हात लावायचा.

घरी दोघं बोलायची. दूध आलं का, किल्ली कुठंय, पाणी गेलंय. ती त्यांना कधी टाकून बोलली नाही, आणि तिनं पाठीवर हातही पुन्हा कधी ठेवला नाही. लोकांना वाटायचं, किती समजूतदार जोडपं.

मग एका दुपारी, कांदा चिरताना, तिनं मान वर न करता विचारलं, "त्या नर्सनं अजून काही सांगितलं होतं का?"

"काय?"

"म्हणजे... तिनं बाबा आले का विचारलं. आईचं काही म्हणाली होती का?"

मास्तरांना हो म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण एकदा गप्प राहून काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. "मला तेवढंच सांगितलं तिनं. मी पुढं विचारलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मास्तर लाँड्रीत गेले नाहीत, हॉस्पिटलमध्ये गेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. या खिडकीवरून त्या खिडकीवर, या मजल्यावरून त्या मजल्यावर. नाव माहीत नव्हतं, चेहराही धड आठवत नव्हता. वय सांगितलं, तारीख सांगितली, वेळ सांगितली. चौथ्या दिवशी ती सापडली. तिची आता लहान मुलांच्या विभागात बदली झाली होती. तिनं त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून खरंच आठवायचा प्रयत्न केला.

"काका, खोटं नाही सांगत. त्या वर्षी इतके आले हो. मला ती मुलगीच आठवत नाही."

मास्तर घरी आले. बायकोनं दार उघडलं. चार दिवस ते कुठं जात होते हे तिनं ओळखलं होतं, त्यांच्याकडे बघून ती दारातच थांबली.

"भेटली," मास्तर म्हणाले. "तिला आठवत नाही."

"कसं आठवणार," बायको म्हणाली. "एवढी माणसं." आणि त्यांना आत येता यावं म्हणून बाजूला झाली.