ओहोळाचं सुतक

इंदूताई आमच्या डहाणूच्या घरचं पाणी पीत नसत. माझी ही सख्खी नणंद, माझ्या यजमानांची मोठी बहीण. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी माझ्या सासऱ्यांचं घर आणि भातशेती होती. तिथे त्या राहायच्या. आमच्याकडे येताना पिशवीत कपडे कमी आणि बाटल्या जास्त असायच्या. घरामागच्या झऱ्याचं पाणी भरून आणायचं, चार दिवस तेच प्यायचं आणि ते संपलं की गावाला निघायचं, असा त्यांचा नियम होता.

लग्नाच्या गर्दीत आमची नीट ओळख झाली नव्हती. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही बिऱ्हाड मांडलं, त्यानंतर त्या पहिल्यांदा आल्या. मी तांब्या-भांडं पुढे केलं. त्यांनी भांड्याचा वास घेतला आणि ते खाली ठेवलं. "तुझा हात चांगला आहे गं, पाणीच दमलेलं आहे," म्हणाल्या. मग आपली बाटली उघडून त्यांनी भावाला प्यायला दिलं. ह्यांनी ते गटागटा संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "घरी आल्यासारखं वाटलं." मी नवी नवरी. पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं माझ्या हातानं लावलेलं. आणि हा माणूस माझ्याच घरात बसून म्हणतो, घरी आल्यासारखं वाटलं! इंदूताईंचा मला हेवा वाटायला लागला तो त्या दुपारपासून. तो पुढे वाढतच गेला, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. कारण होतंच तसं.

तरुणपणीच नवरा गेल्यावर त्या माहेरी परत आल्या होत्या. उंच, शिडशिडीत, साडी घोट्याच्या वर खोचलेली. चालायच्या इतक्या भरभर, की सोबतच्या माणसाला धावावं लागे. कुणाचं ऐकून घेणं त्यांना ठाऊक नव्हतं. शेजाऱ्याशी बांधावरून भांडल्या तर दोन पावसाळे बोलायच्या नाहीत, आणि चूक बहुधा त्यांचीच असायची. स्वयंपाक तर बेतास बात. डाळीत मीठ घातलं की नाही हे त्या जेवणाऱ्यालाच विचारत. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांच्याबद्दल सगळे इतकं चांगलं बोलतात, की कुणीतरी डाळीचंही बोलायला हवं.

माझी खरी आग झाली ती तनुजामुळे. तनुजा आमची एकुलती एक मुलगी. प्रत्येक सुट्टीत तिला आत्याकडे जायचं असायचं. घराच्या खालच्या अंगाला ओहोळ होता. डोंगरातून येणारा, दगडांतून वाहणारा, उन्हाळ्यातही डोहात पाणी धरून ठेवणारा. त्यात तिनं पोहायला शिकावं, दगड उचलून मुठे, म्हणजे बारके खेकडे, पकडावेत, नागलीची भाकरी खाऊन काळी होऊन यावं. पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा माणसं जाळी घेऊन ओहोळावर जात. इंदूताई काठावरच्या खडकावर बसून सगळ्यांना हाकलत. म्हणत, "पोटुशी बाई माहेरी निघालीय. तिला वाटेत गाठून मारतात का?" लोक हसायचे, पण जाळं गुंडाळून परत जायचे.

सुट्टी संपवून तनुजा घरी आली, की महिनाभर माझ्या घरात माझ्या नणंदेचा आवाज ऐकू यायचा. नळ जरा वाहता राहिला तर "आई, पाण्याला पण दमायला होतं." भाजी टाकली तर "टाकतेस काय, तुझ्या सासऱ्याचा डोंगर आहे का?" वेणीसुद्धा आत्यासारखी, एका खांद्यावरून पुढे घेतलेली. मी शाळेत शिक्षिका. चाळीस मुलं माझं ऐकायची. घरातली एक ऐकत नव्हती.

काही वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्याचं काम सुरू झालं आणि भरावासाठी मुरूम लागू लागला. आमच्या भागातले डोंगर एका अंगानं खरवडलेले दिसू लागले. साग, खैर, ऐन, जे काय उतारावर होतं ते आधी जायचं, मग माती, मग डोंगरच. ओहोळाला पावसात चहासारखं पाणी येऊ लागलं आणि डोह गाळानं भरत चालले. त्याच सुमारास एक एजंट आमच्या वरकस जमिनीसाठी आला. उतारावरची ही जमीन; तिच्यात पीक नाही, नुसती झाडं. मला वाटलं, विकावी आणि डहाणूत थोडं मोठं घर घ्यावं. ह्यांनाही पटलं होतं. इंदूताईंची सही हवी होती.

त्या एजंटाला त्यांनी ओट्यावर बसवून चहा दिला. म्हणाल्या, "मी सही करते. तू एवढंच सांग, डोंगर नेल्यावर झरा कुठं ठेवणार आहेस?" तो हसला. त्या हसल्या नाहीत. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "मोहन, तू झाडं विकत नाहीस बाबा, सावली विकतोस. उद्या उन्हात कुणाच्या दारात बसशील?" ह्यांनी सहीसाठी काढलेलं पेन परत खिशाला लावलं. तनुजा आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मी एकटीच समोर उरले. मोठं घर राहिलं ते राहिलंच. पण मला घराचं एवढं वाटलं नाही. पोरगी खुर्चीच्या कुठल्या बाजूला उभी राहिली, ते मात्र अजून दिसतं.

तनुजा शिकून नोकरीला लागली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा निनाद, वलसाडला रेल्वेत. त्याचे वडील ह्यांचे जुने सहकारी. साखरपुड्याची तारीख धरली, हॉल सांगितला, मी साडी घेतली. हा एक समारंभ तरी संपूर्ण माझा होता.

साखरपुड्याला आठवडा असताना सकाळी इंदूताईंच्या गावाहून फोन आला. अच्छाडकडून हायवे सोडून आत आलेल्या कुठल्याशा टँकरनं रात्री पुलाजवळ ओहोळात काहीतरी रिकामं केलं होतं. सकाळी पाण्यावर फेस होता, वासानं डोकं दुखत होतं, आणि पुलापासून खालचे सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाणी प्यायलेली एक म्हैस मेली होती. टँकर कुणाचा, आला कुठून, कुणीच पाहिलं नव्हतं.

तनुजा तडक गावाला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. आत्यानं सुतक धरलं होतं. ओहोळाचं. "आमच्या घरचं माणूस गेलंय," असं सगळ्या गावाला सांगून इंदूताईंनी चूल विझवली होती. एकेक करत गावानंही विझवली. गावात एक हळद होती, ती पुढे ढकलली. तनुजा शांतपणे म्हणाली, "आत्याला सुतक, म्हणजे आपल्यालाही. साखरपुडा दहा दिवसांनंतर करू."

मी भटजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात ओढ्या-नाल्याचं सुतक नाही. निनादच्या आईनं फोनवर विचारलं, नक्की वारलंय कोण? दुसऱ्या दिवशी मी एसटीनं तलासरी, तिथून शेअरच्या इको गाडीनं गाव गाठलं. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. इतक्या वर्षांचं सगळं आज एकदाचं बोलून टाकायचं होतं.

ओहोळावर पोहोचले तर बायका टोपल्यांनी मेलेले मासे गोळा करत होत्या. कावळे-कुत्र्यांनी खाऊन तेही मरायला नकोत म्हणून दूर खड्डा खणून पुरायचे होते. वासानं माझे डोळे चुरचुरले. इंदूताई गुडघाभर पाण्यात होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे पाय लाल झालेले दिसले. तरी मी थांबले नाही.

"तुम्ही आधी माझा नवरा घेतलात," मी म्हटलं. "मग माझी मुलगी घेतलीत. आता तिचा साखरपुडाही घ्या."

बायका थांबल्या. तनुजा मान खाली घालून उभी होती. इंदूताई खडकावर बसल्या. त्या भांडतील अशीच माझी तयारी होती.

"तुझ्याकडे ती राहते, वैशाली," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सुट्टीत येते. ती निघाली की मी पुलापर्यंत जाते आणि गाडी दिसेनाशी झाली की एकटी परत येते. तू तिला रोज ओरडू शकतेस. जळायचंच तर मी जळावं. आणि मी जळते."

त्यांनी पदरानं पाय पुसले आणि माझ्याकडे बघून अगदी व्यवहाराच्या सुरात विचारलं, "तुला हे सुतक मान्य नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग चूल पेटव. साऱ्या गावाला सुतक, रांधणार कोण? काल शेजारच्या पाड्यानं भाकऱ्या दिल्या. रोज कुठून मागायच्या?"

असं मला त्यांनी पकडलं. पुलाच्या वरच्या अंगाचा झरा चांगला होता. तिथलं पाणी पोरींनी आणून दिलं, आणि मी, साखरपुड्यावरून भांडायला गेलेली बाई, पदर खोचून गावासाठी भात आणि आमटी करत बसले. दुपारी पंगत बसली. एका म्हातारबाबांनी आमटी भुरकून सगळ्यांदेखत सांगितलं, की इंदीच्या हाताला आयुष्यात ही चव आली नाही. तनुजानं दोनदा भात घेतला. खोटं कशाला सांगू, मेलेल्या ओहोळाच्या काठी बसून मला बरं वाटलं. मी सुतक संपेपर्यंत तिथेच राहिले. शाळेला रजेचं कारण घरगुती कळवलं.

ओहोळाचं सुतक धरलेलं गाव म्हटल्यावर बातमी झाली. मग साहेब लोक आले, बाटल्यांतून पाणी घेऊन गेले. टँकरवाला काही सापडला नाही. गावानं मात्र पुलाजवळ गाड्या खाली उतरायची वाट मोठमोठे दगड लोटून बंद केली. दगड लोटायला वलसाडहून निनाद आला होता. सुतक फिटल्यावर साखरपुडा झाला, थाटात झाला, माझ्या साडीत झाला. पण निनाद वाकला तो आधी इंदूताईंच्या पायाशी, मग माझ्या. जावईसुद्धा मला दुसऱ्या हातानं मिळाला.

पुढच्या पावसात पुरानं ओहोळ धुऊन काढला. खालून थोडे मासे चढले. मुठे दिसू लागले. पण रुपेरी बारक्या माशांचे जे थवे तनुजाच्या लहानपणी पायांना गुदगुल्या करायचे, ते आले नाहीत. इंदूताई त्यांची वाट बघत खडकावर बसून राहायच्या. मी एकदा म्हटलं, येतील हळूहळू. त्या म्हणाल्या, "जे वाचले ते येतील गं. जे सगळेच गेले, त्यांच्यातलं यायला मागं कोण आहे?" त्यांची खोकल्याची ढास तेव्हाच सुरू झाली होती. डहाणूला या, डॉक्टरला दाखवू, असं मी दरवेळी म्हणायचे. भात कापून झाला की येते, असं त्या दरवेळी म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या ओट्यावर बसल्या बसल्या गेल्या. भात कापून झाला होता.

तनुजा वलसाडहून आली आणि तिनं जो टाहो फोडला, तो मला ऐकवेना. माझी पोर लहानपणी पडली-झडली, परीक्षेत नापास झाली, सासरी निघाली, पण असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. ती माझ्या खांद्याला धरून होती आणि माझ्या मनात काय आलं, ते लिहायचं तर लिहिलंच पाहिजे. बाई गेली आहे, माझेही डोळे वाहताहेत, आणि मी मनात मोजमाप करते आहे, की माझ्या वेळी ही इतकी रडेल का.

दिवस झाल्यावर आम्ही दोघी इकोनं तलासरीला निघालो. रस्त्याच्या कडेनं डोंगराची खणलेली बाजू जात होती. तनुजा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला राहवलं नाही.

"मी गेल्यावर एवढी रडशील का गं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नाही, की नवलही वाटलं नाही. ती मला ओळखून होती.

"आत्यासाठी रडायला तू होतीस ना, आई," ती म्हणाली. "तू गेल्यावर कुणाला धरून रडू?"

तिनं माझा हात धरला, तो तलासरी येईपर्यंत मी सोडवला नाही.