तिसरा महिना सरेपर्यंत

थंडीच्या दिवसांत सकाळी किरण अडवणारा शिशाचा एप्रन स्टँडवरून उतरवला, की आधी त्याचा गारठा हातांना कळतो आणि मग वास येतो. रबराचा, स्पिरिटचा, आधी घालून गेलेल्यांच्या घामाचा. आज तो अंगावर चढवला, खांदे वाकले, आणि एक्स-रेच्या बिनखिडकीच्या खोलीत मला ती आठवली. माझ्यासारखीच इथं तंत्रज्ञ असलेली, घोटीहून रोज येणारी, लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस न उजवलेली.

आम्ही दोघी किरण-सुरक्षेच्या प्रशिक्षणाला नाशिकरोडला जात होतो. शिकवणारे सर निवृत्तीला टेकलेले, आवाज असा संथ की दुपारच्या जेवणानंतर किरणांपेक्षा झोपेपासूनच जीव वाचवणं अवघड. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा, हे त्यांनी इतकं घोटून घेतलं की घरी फोडणी देतानासुद्धा मी मागे सरकायचे. एकदाच त्यांचा आवाज चढला. "दिवस गेल्याचं कळेल त्याच दिवशी सांगा. लाजू नका. पहिले महिनेच नाजूक. तुम्ही सांगितलं तरच आम्हाला काम बदलून देता येतं. पोटातलं बाळ काही किरण मोजायचा बॅज लावून येत नाही." सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेली ती हसली नाही.

संध्याकाळी बसस्टॉपवर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांमागे उजेड विझत असताना, तिनं माझा हात धरला. "ताई, मला दिवस गेलेत. पण सासूबाई म्हणतात, तिसरा सरेपर्यंत कोणाला नाय सांगायचं, दृष्ट लागते. लय वर्षांनी राहिलंय हो. तुम्ही बोलू नका कुठं."

मी तिला परोपरीनं समजावलं. पण कुठल्या तोंडानं? ही रीत मीही पाळली होती. झाकून ठेवलेला आनंद टिकतो, ही आपली भाबडी समजूत. सर सांगून जपायला शिकवत होते, घर लपवून जपायला. दोघांचीही काळजी खरी, आणि त्या दोन काळज्यांच्या मध्ये ती एकटी. शेवटी आमच्या दोघींत ठरलं, की कंबर धरल्याचं निमित्त सांगून तिनं बाहेर पेशंटची नावं पुकारत बसायचं आणि आत मी जायचं.

तरी पोटातलं टिकलं नाही. पुष्कळदा असं होतं, कामाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला नीट सांगितलं. तिच्या बॅजवरही वावगं काही निघालं नाही. तिला ते पटायचं आणि पुन्हा सुटायचं. "कळायच्या आधी मी आत जातच होते ना, ताई?" ती विचारायची. घरी सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता: "खरं सांग, कोणाजवळ बोललीस का?" ती "नाय" म्हणाली. तिनं फक्त मला सांगितलं होतं.

कामावर कुणी तिचं सांत्वन केलं नाही, कारण कुणाला काही ठाऊकच नव्हतं. चहाच्या वेळी कुणीतरी कंबरेची चौकशी केली, तिनं मान हलवली आणि पुढचा पेशंट घेतला. काही महिन्यांनी तिनं नोकरी सोडली.

आपल्याकडे दुःखातल्या घरी जाऊन नुसतं बसून यायची पद्धत आहे. बोलायचं फारसं काही नसतं, जाणं महत्त्वाचं. मला फार जावंसं वाटायचं. अजूनही वाटतं. पण मी त्या उंबऱ्यात उभी राहिले असते, तर तिनं कुणाला सांगितलं होतं ते घरात सगळ्यांना कळलं असतं.