दाबूताईंच्या हातातलं बोट

आमच्या अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टरना आम्ही पाठीमागे ‘दाबूताई’ म्हणायचो. पेशंट कोणीही असो, त्याच्या बोटाचं टोक दाबून सोडायचं आणि पांढऱ्या पडलेल्या जागी रंग कधी परततो ते बघायचं, ही त्यांची खोड. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसला की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. ताई आम्हाला बजावायच्या, रक्तात ऑक्सिजन आहे एवढंच तो आकडा सांगतो. ऑक्सिजन अवयवांपर्यंत पोचतोय का, ते कातडीला विचारा. दिवसातून इतक्या वेळा बजावायच्या, की आमचे कान किटले होते.

मग त्यांचे थोरले भाऊच दाखल झाले. फुप्फुसातला संसर्ग रक्तात पसरला होता आणि रक्तदाब औषधांच्या जोरावर कसाबसा टिकून होता. डॉक्टरांनी ताईंना कामावरून उठवून खाटेशेजारच्या खुर्चीत बसवलं. घरच्या कपड्यांत त्या मला अगदीच लहान वाटल्या. सकाळभर त्यांनी दादांचा उजवा हात सोडला नाही. अधूनमधून त्याच हाताचं बोट दाबायच्या. रंग झटकन येत होता.

वहिनी आल्या दिवसापासून बाहेरच्या बाकावर होत्या, डोळ्याला डोळा लागला नव्हता. ताईंनी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं, दादांचा रक्तपुरवठा सुधारतोय, घरी जाऊन आंघोळ करून या. आमच्यापैकी कोणाच्या सांगण्यावरून त्या हलल्या नसत्या. नणंदेच्या शब्दावर उठल्या.

दुपारी मी चादर बदलायला घेतली आणि दादांचे गुडघे दिसले. जांभळट डागांची जाळी मांडीपर्यंत चढली होती. मी त्यांचा डावा हात बाहेर काढला. तो गार होता. बोट दाबून सोडलं, तर रंग येईचना. ताई बघत होत्या. थंड बोट कोणाच्या उबदार हातात राहिलं, की त्यात रक्त लवकर भरतं आणि आपली फसगत होते, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी दादांचा उजवा हात हळूच चादरीवर ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

रक्ताचा रिपोर्टही तेच म्हणत होता. पेशी ऑक्सिजनवाचून तडफडत होत्या. औषधांचा डोस आधीच शिगेला पोचला होता. डॉक्टर ताईंशी हलक्या आवाजात बोलले, जसं नातेवाइकांशी बोलतात तसं, आणि त्याचाच मला फार राग आला. घरच्यांना बोलावून घ्या, उशीर नको, असं ते म्हणाले.

ताईंनी तिथूनच फोन लावला. वहिनींचा आवाज मला खाटेच्या या बाजूला ऐकू येत होता, बऱ्याच दिवसांनी मोकळा. दादांना जाग आली की पेपर मागतील, म्हणून त्या चष्मा शोधत होत्या.

“वहिनी, चष्मा राहू द्या,” ताई म्हणाल्या. “माझं चुकलं. आहात तशा निघा.”

“म्हणजे वाचायचा नको?” वहिनींनी विचारलं. “लांबचा आणू?”