चुन्याचा हात

आज सकाळी शेजारी भिंतीले चुना मारून राहिले होते. तो ओला वास आला, अन् मले माझ्या बायकोचे, सुमनचे, हात दिसले. ती कॉलेजच्या पोरींले व्हॉलीबॉल शिकवायची. त्या दिवशी कामठीले फायनल होती. मैदानावर रेघा मारायले कोणीच आलं नव्हतं, तर तिनंच चुना कालवून मारल्या. हात धुवायलेही वेळ नव्हता. पोरी जिंकल्या, रडल्या, तिच्या गळ्यात पडल्या.

मग फोटोवाला आला. जन्मात कधी बॉल न धरलेला प्राचार्य मधात बसला अन् तिले म्हणे, "मॅडम, तुम्ही टेम्पररी आहात, जरा बाजूला व्हा."

अन् ती झाली बाजूले!

मी जाऊन विचारलं, "काहून सरकली वं तू?"

"चूप राहा ना जी. पोरी हसून राहिल्या, हसू द्या त्याहिले."

तवा वाटलं, भ्याली. आता समजते, ती पोरींचा दिवस सांभाळत होती. पण मी कॉलेजचा मान काहून सांभाळू?

ती टेम्पररीच रिटायर झाली अन् दिवाळीनंतर गेली. आज दुपारी कॉलेजचे दोघं आले. "काका, मॅडमचा फोटो द्या. हॉलमध्ये लावतो, खाली 'मुख्य प्रशिक्षक' लिहितो."

मेल्यावर मुख्य!

मी तोच फोटो दिला. मधात प्राचार्य, अन् फोटोच्या काठानं मनगटापाशी कापलेला, चुन्यानं पांढरा झालेला एक हात.

"यात मॅडम कुठं आहेत, काका?"

"तो हात. तेवढीच ठेवली होती तुम्ही. तेवढीच लावा."