आरशासारखी फरशी
गारखेड्याच्या आमच्या घरात आधी शहाबादी फरशी होती. काळपट, खडबडीत, सांध्यातलं सिमेंट निघालेली. पण उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर नुसतं अंग टाकलं तरी डोळा लागायचा. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, पिशोरकडच्या. सारा जन्म शेणानं सारवलेल्या घरात गेलेला. त्यांना या फरशीचंसुद्धा केवढं कौतुक! "पाय धुवावं, आत यावं अन् टेकावं. अजून काय पायजे माणसाला?" बाहेरून आल्या की नळाखाली पाय धुवायच्या आणि ओल्या पायांनीच घरात शिरायच्या. जन्माची सवय.

मग माझ्या धाकट्या दिरानं बंगला बांधला. वास्तुशांतीला गेलो आणि तिथली फरशी बघून आमचे हे घरी येईपर्यंत तिच्याच किमतीचा हिशेब करत राहिले. मी तेव्हाच ओळखलं, आता आपल्या घरावर संक्रांत येणार.

तसंच झालं. शहाबादी उखडली आणि महागाच्या टाइल्स बसल्या. मिस्त्री जाताना म्हणाला, "भाभी, आईना बना दिया!" खरंच आरसा. छताचा पंखा खाली फिरताना दिसायचा. हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "कशी वाटली?" दिराच्या तोंडून "आमच्यापेक्षा भारी" निघालं तेव्हा तर ह्यांना आकाश ठेंगणं झालं. मी मात्र त्या चकाकीवर जपून जपून पाय टाकायची.

कारण आत्याबाई त्याच आठवड्यात पाय धुऊन आत आल्या आणि सर्रकन घसरल्या. पडल्या नाहीत, दाराची चौकट हाताला लागली म्हणून. मी धावले. चेहरा पांढराफटक पडलेला, आणि तोंडातून पहिलं काय निघावं? "त्याला सांगू नको बाई. लेकराची हौस हाय."

मी सांगितलंच. मी काय गप्प बसणारी आहे का! "म्हातारं माणूस आहे घरात. एखाद्या दिवशी कंबर मोडून बसतील." तर हे म्हणतात, "जपून चालायचं. आख्ख्या शहरात काय तुलाच सासू आहे?" मग मी पलंगापासून न्हाणीपर्यंत तरटं अंथरली. ह्यांनी कामावरून आल्या आल्या ती गोळा करून गच्चीवर टाकली. "एवढी भारी फरशी काय तरटाखाली झाकायला घातली का?" मी पुन्हा अंथरायची, हे पुन्हा उचलायचे. आमचं जुंपलं की आत्याबाई पलंगावरून म्हणायच्या, "नका रे भांडू. लई चांगली हाय फरशी."

हळूहळू त्या उठेनाशाच झाल्या. शेजारणीकडं जाणं बंद झालं. तुळशीला पाणी घालायलाही मलाच सांगायला लागल्या. विचारलं तर, "इथंच बरं वाटतं." ऊन तर असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसू नये. मी उशाशी तांब्या भरून ठेवायची आणि संध्याकाळी तो तसाच्या तसा भरलेला. कधी म्हणायच्या, उपास हाय. कधी म्हणायच्या, तहानच नाय. घर चकचकत होतं आणि त्या घरात माझं मन लागत नव्हतं.

एका दुपारी मी हट्टानं पेला त्यांच्या तोंडाला लावला. ओठ पार फुटलेले होते. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "पाणी पिलं की न्हाणीत जावं लागतं गं. तेवढं चालायचं लई भ्या वाटतं." लेकाच्या फरशीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ही बाई भर उन्हाळ्यात पाण्यावाचून बसली होती!

रात्रीतून ताप भरला. सकाळी बरळायलाच लागल्या. दवाखान्यात सलाईन लावलं. शरीर पार सुकलंय, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर व्हरांड्यात मी पाणी न पिण्याचं कारण सांगितलं, तेव्हा ह्यांनी विचारलं, "मला का नाही बोलली ती?" माझं टाळकंच सरकलं. चारचौघांत ओरडले, "बोलायला तुमचे पाय जमिनीवर होते का?" हे भिंतीला टेकून खाली बसले.

आत्याबाई वाचल्या. पण महिनाभर अंथरुणाला खिळल्या. तेवढ्या दिवसांत ह्यांनी छिन्नी-हातोडा आणून पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या टाइल्स स्वतःच्या हातानं फोडल्या. दीर म्हणाला, "दादा, डोकं फिरलं का तुझं?" हे म्हणाले, "फिरलं होतं." मिस्त्रीनं मधल्या पट्ट्यात शहाबादी बसवली, पॉलिश न मारलेली. त्या आरशासारख्या घरात तो पट्टा अगदी ठिगळासारखा दिसत होता, आणि मला तो फार आवडला.

सिमेंट वाळलं त्या सकाळी ह्यांनी आत्याबाईंना पलंगावर बसतं केलं. पाय खाली सोडले. "चल माय, आता भिऊ नको." त्यांनी तळवे टेकवले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून जोर दिला. पाय थरथरले आणि मुडपले. आम्ही दोघांनी धरून बसवलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. पायांत काही उरलंच नव्हतं. हे त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान लेकरासारखे हुंदके द्यायला लागले. मला ह्यांचा राग आला होता आणि दयाही आली.

आत्याबाई त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग त्या नव्या पट्ट्याकडं बघून म्हणाल्या, "लई चांगली झाली रे. चाल बरं तू. मी बघते."

हे उठले. डोळे पुसत न्हाणीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

"अजून एकदा," आत्याबाई म्हणाल्या.